गंध: नाही

दुपारचे अडीच वाजलेत. फिल्टर हाऊसच्या लॅबमध्ये टेबलावरच्या कागदावर कपाळ टेकून मी बसलेय. झोपायला नाही, संतापानं. डोकं वर धरलं की हात शिवशिवतात, काहीतरी फोडावंसं वाटतं, आणि इथं सगळी काच आहे. पंखा गरागरा फिरतोय, वारा कुठं जातोय देव जाणे. चार वाजता शिपाई हा कागद न्यायला येणार आहे. जबाब माझा, पण टाईप होऊन आलाय साहेबांच्या ऑफिसातून. "मी, मंदाकिनी घोलप, केमिस्ट, जबाब देते की मयत ऑपरेटर रंगनाथ भोईटे यांनी नोंदवहीत गंधाच्या रकान्यात जाणूनबुजून खोटी नोंद केली व त्यामुळेच पुढील प्रकार घडला." खाली सहीपुरती जागा. कुलथे साहेब म्हणजे आमचे इंजिनिअर. त्यांनी तिथं पेन्सिलीनं फुलीसुद्धा मारून ठेवलीय, जसं काही मला सही कुठं करायची ते कळत नाही.

मेलेला माणूस बरा सापडला यांना. उलटून बोलत नाही.

मार्चमधली गोष्ट आहे. तळं हिरवंगार झालं. तीन दिवस गावाला जे पाणी गेलं ते दिसायला काचेसारखं होतं, आणि खालच्या आळीतली एकशे चाळीस माणसं उलट्या-जुलाबांनी आडवी झाली, त्यात निम्मी पोरं. भोईटे मामांना नोटीस आली. बत्तीस वर्षं या पाण्यावर काढलेला माणूस, नोटीस खिशात घेऊन रोज गेटाबाहेर येऊन बसायचा. आत यायला बंदी ना! बाविसाव्या दिवशी घरीच छातीत कळ आली आणि संपले. आणि मला म्हणे चार वाजेपर्यंत सही पाहिजे. देते, थांबा. चांगली देते.

डोळे जड होतायत. पंख्याची घरघर लांब लांब जाते. आता ती पंख्याची राहत नाही, पाण्याची होते. कोणीतरी सॅम्पलचा नळ सोडलाय.

"बंद करा तो," मी डोकं न उचलता म्हणते. "दुपारी सॅम्पल नसतं."

"तुझ्या घड्याळात दुपार आहे होय?" आवाज मामांचा.

नळापाशी ते उभे आहेत. खाकी पँट, कोपराला विरलेला स्वेटर, एप्रिलमध्ये सुद्धा. हातात माझं काचेचं भांडं, आणि ते नेहमीसारखं आधी दोनदा विसळून ओततायत. मला रडू यायला पाहिजे. पण तोंडातून निघतं ते भलतंच.

"या! आलात? सगळं माझ्या गळ्यात टाकून निघून गेलात, आणि आता आलात नळ सोडायला? लाज वाटत नाही?"

"मेलेल्या माणसावर ओरडतेस काय गं."

"ओरडणार! जिवंतपणी ओरडायला पाहिजे होतं तुमच्यावर. गेटाबाहेर मुकाट बसून राहिलात. आत घुसायचं होतं, साहेबाची कॉलर धरायची होती!"

ते हसतात. साहेबांसमोर मला ते 'बाई' म्हणायचे, 'तुम्ही' म्हणायचे. साहेब गेले की 'पोरी'. आता पोरीच म्हणतायत, म्हणजे साहेब जवळपास नाहीत. मी त्यांच्याकडं नीट बघते. काहीतरी चुकतंय चेहऱ्यावर. मग लक्षात येतं. कपाळ मोकळं आहे. आंघोळ झाली की कपाळाला अष्टगंध लावल्याशिवाय हा माणूस घराचा उंबरा ओलांडत नसे. तीन वर्षांपूर्वी पूर आला, गाव अर्धं पाण्यात होतं, तेव्हासुद्धा छातीएवढ्या पाण्यातून गंध लावून ड्युटीवर आले होते.

"मामा, गंध कुठंय?"

"नाही," ते म्हणतात. "वहीत तसंच लिहिलंय ना? गंध, नाही."

"चेष्टा पुरे."

"चल, दूध सोडायचंय," असं म्हणून ते वळतात. मी त्यांच्यामागं लॅबच्या दारातून बाहेर पडते आणि आम्ही टाकीच्या काठावर उभे असतो.

दूध म्हणजे खरं दूध नव्हे. आमच्याकडं तो शब्द मामांचाच. एका बंद पिंपात थोडं स्वच्छ पाणी घ्यायचं, पंपानं त्यात दाबून दाबून हवा भरायची आणि ते पाणी टाकीच्या तळाशी सोडायचं. दाब सुटला की सगळी हवा बारीक बारीक बुडबुडे होऊन वर निघते, इतके बारीक की पाणी दुधासारखं पांढरं होतं. तुरटीनं शेवाळाचे गोळे झालेलेच असतात, हे बुडबुडे त्यांना चिकटतात आणि अलगद वर घेऊन येतात. वर जाड हिरवा थर येतो. त्याला आम्ही साय म्हणतो. साय काढून घ्यायची आणि खालचं पाणी वाळूच्या फिल्टरवर सोडायचं. शेवाळ हलकं असतं, तळाशी बसतच नाही, आणि तसंच वाळूवर गेलं तर तासाभरात वाळूचं तोंड बंद करतं. म्हणून आधी साय, मग वाळू. मी नवीन लागले तेव्हा हे मला कुठल्या पुस्तकानं नाही, मामांनी याच काठावर शिकवलं होतं.

"आणि तिसरं काय सांगितलं होतं?" मामा विचारतात. मी मनात म्हटलेलं त्यांना ऐकू गेलंय.

"मारायचं नाही. उचलायचं."

"का?"

"मेलं की फुटतं. फुटलं की पोटातलं विष पाण्यात सोडतं, आणि विरघळलेलं विष ना सायीत येत, ना वाळूत अडकत."

"पाठ आहे की सगळं."

"पाठ आहे म्हणूनच डोकं फिरलंय माझं!" मी टाकीच्या कठड्यावर हात आपटते. टाकीत पांढरं काहीच नाही. पाणी हिरवं, गप्प. पंपाच्या जागी सिमेंटचा ओटा आणि चार गंजलेले बोल्ट. आठ महिने झाले, पंप दुरुस्तीला नेलाय तो नेलाच. "पंप आणायला मुहूर्त नाही आणि पाहणीला समिती येणार म्हणून अख्ख्या इमारतीला निळा रंग! कठड्याला रंग, पाईपांना रंग, त्या वाळलेल्या झाडाच्या बुंध्यालासुद्धा गेरू! वरून साहेबांचा फोन, क्लोरीन पुढंच सोडा, तळ्याचं पाणी आत येतं तिथंच, शेवाळ मरून जाईल, पाणी नितळ दिसेल. आणि तुम्ही सोडलंत!"

"सोडलं."

"का सोडलंत? मला पढवलं ते मग काय कीर्तन होतं?"

मामा वाकून टाकीत बघतात. पाणी तळापासून पांढरं व्हायला लागतं, वर येतं, कडेकडेनं फुगतं, आणि उतू जातं. आम्ही त्यांच्या स्वयंपाकघरात आहोत. गॅसवर पातेलं, दूध ओट्यावर, करपल्याचा वास नाकात जातोय. मामा तिथंच पाटावर बसून निवांत वर्तमानपत्र वाचतायत.

ही जागा मला माहीत आहे. दोन वर्षांपूर्वी संक्रांतीचं वाण घ्यायला आले होते तेव्हाचीच आहे. काकू, म्हणजे मामांची बायको, परसातून धावत आल्या होत्या आणि म्हणाल्या होत्या, "अहो, नाक आहे का नुसतं भोक?" आम्ही सगळे पोट धरधरून हसलो होतो. मामाही हसले होते, जरा उशिरानं. मी तिळगूळ खात हसत होते.

आता कोणी हसत नाही.

"तुम्हाला वास येत नव्हता," मी म्हणते.

"कधीपासूनच."

"क्लोरीननं?"

"बत्तीस वर्षं ती टाकी उघडतोय, नाकाचं दुसरं काय होणार? उदबत्ती नाही, भजी नाही. काकूच्या डोक्याचं तेलसुद्धा नाही." ते वर्तमानपत्राची घडी घालतात. "सांगितलं असतं तर गेटावर नेऊन बसवलं असतं मला. स्टूल दिलं असतं, शिट्टी दिली असती. पाण्यापासनं लांब काय करणार होतो मी?"

"आणि तसल्या नाकानं वहीत लिहायचात? रोज सकाळी, गंध नाही? अहो, गंध तुम्हाला नव्हता, पाण्याला होता! त्याच पानाची झेरॉक्स काढून ते आता तुमच्या नावानं शिमगा करतायत. मला त्यावर सही करायला लावतायत. तुमच्यापायी!"

"नाक माझं नव्हतं," मामा म्हणतात. "वही माझी होती."

"म्हणजे?"

ते उठतात, भांडं उचलतात आणि माझ्यासमोर धरतात. अगदी तसंच, जसं रोज सकाळी सातला धरायचे. "जरा वास घे गं. तुझं नाक तरणं आहे."

माझे हात मागं जातात. मला तिथून निघायचंय. मी वळते तर समोर बाकं आहेत, बुटकी, आणि मी त्यातल्याच एका बाकावर गुडघे पोटाशी घेऊन अडकलेय. खालच्या आळीची शाळा आहे ही. पुढं फळा, आणि फळ्यावर खडूनं लिहिलंय: आजचे पाणी पिण्यास योग्य. पुढं साहेब उभे आहेत, पण अक्षर त्यांचं नाही. 'ग्य'ला असं लांब शेपूट मीच काढते.

"बाई," शेजारची पोरगी म्हणते. दोन वेण्या, पुढचा एक दात पडलेला. पाण्याची बाटली उघडून तिनं माझ्याकडं केलीय. "बाई, याला चिखलाचा वास येतोय."

"नाही येत," मी म्हणते. माझंच तोंड म्हणतं. "प्या."

"तुम्ही घेऊन बघा ना."

"मला वेळ नाही. पाहणी आहे. लिहा, नाही म्हणून लिहा!"

सगळ्या वर्गानं माना खाली घातल्यात आणि सगळे वहीत लिहितायत. पेन्सिलींचा खरखर आवाज. साहेब मान डोलावतायत, शाबास म्हणतायत. मला उठता येत नाही, बाक सुटत नाही, आणि मी ओरडते, "अगं पिऊ नका! ए बाळा, ओतून दे ते!" पण ओरडणं तोंडाबाहेर येत नाही. मागच्या बाकावर मामा बसलेत. तेही लिहितायत, जीभ दाताखाली धरून, पोरासारखे.

"अकरा मार्च," ते वाचून दाखवतात. "सकाळी सात. गंध."

"गप्प बसा."

"मी भांडं घेऊन आलो होतो. तू बाहेर 'पिण्यास योग्य'चा फळा रंगवत होतीस. समिती नऊला येणार होती."

"मामा, गप्प बसा म्हणते ना!"

"मी म्हणलं, वास घे. तू मागं वळलीससुद्धा नाहीस. हातात खडू होता. म्हणालीस, नाही हो मामा, नाही, लिहा."

मला आठवतंय. आठवतंय म्हणजे काय, विसरलेच नव्हते कधी. महिनाभर साहेबाला शिव्या घालतेय, पंपाला, रंगाला, मामांच्या गप्प बसण्याला, सगळ्या जगाला. घशाशी आलं की आणखी एक शिवी घालून खाली ढकलतेय. बारा तारखेलाही नाही म्हणाले. तेरालाही. तिन्ही दिवस भांड्याला हातसुद्धा लावला नाही मी. कारण आदल्या दोन वर्षांत रोज घेत होते आणि रोज नाहीच असायचा.

"मग तुम्ही का लिहिलंत?" मी रडतेय आणि ओरडतेय, दोन्ही एकदमच. "मला खेचून न्यायचं होतंत! कानाखाली द्यायची होतीत! एवढा विश्वास कोण ठेवतं एखादीवर?"

"तुझं नाक तरणं," ते म्हणतात, आणि पहिल्यांदाच त्यांचा आवाज चढतो. "मला आलाच नसता, पोरी! बादलीभर हुंगलं असतं तरी आला नसता. तुला आला असता! क्लोरीनच्या वासाखाली चिखलाचा वास, हे ओळखणारं नाक सगळ्या गावात तुझं एकटीचं होतं. आणि तू खडू धरून बसलीस. मी भडव्यानं क्लोरीनचा कॉक फिरवला, ते माझं. नाक गेलेलं लपवलं, ते माझं. ते लिही. माझं काही पुसू नको. पण माझं तेवढंच!"

मला वाटतं ते आता मारतील. मारावं असंही वाटतं.

पायाखाली थंडगार लागतं. बाक नाही, वाळू आहे. रिकाम्या फिल्टरच्या वाळूवर आम्ही दोघं अनवाणी उभे आहोत. चारी बाजूंनी भिंती, वर आभाळाचा चौकोन. ही वाळू दर वर्षी मामा स्वतः उतरून हातानं चाळून बघायचे, खडा लागला की ठेकेदाराला आईवरनं शिव्या द्यायचे. आता ते खाली बसतात. वाळूवर ओला हिरवा थर पसरलाय, साय.

"गावानं काय खाल्लं ते बघ," ते म्हणतात आणि सायीत बोट बुडवतात. "आता परत तळं हिरवं व्हायला लागलंय. बघितलंस?"

"सकाळीच बघितलं."

"पंप?"

"नाही."

"तू सही केलीस की काय होईल?"

त्यांना माहीत आहे ते. फाईल बंद होईल. चूक सापडली, चूक करणारा मेला, मग पंप कशाला पाहिजे? मे महिन्यात पुन्हा फोन येईल, क्लोरीन पुढं सोडा. कॉक फिरवायला नवीन माणूस असेल, त्याला कोणी सांगितलेलं नसेल की मारायचं नाही, उचलायचं.

"नोकरी जाईल माझी," मी म्हणते. आवाज बारीक झालाय.

"जाईल की."

"एवढंच? जाईल की? काहीतरी बोला! घाबरू नको म्हणा!"

"घाबर," मामा म्हणतात. "पण वास घे."

आणि ते हिरवं बोट माझ्या कपाळावर टेकवतात. भुवयांच्या मधोमध, जसं देवळातनं येऊन काकूंच्या कपाळाला लावायचे. गार. मग तेच बोट स्वतःच्या मोकळ्या कपाळाकडं नेतात, आणि न लावता हात खाली घेतात.

"लावा ना," मी म्हणते. "मामा, तुम्ही पण लावा."

"तू लिहिलंस की लागेल," ते म्हणतात. घरघर सुरू होते. आधी पाण्याची, मग पंख्याची.

मी डोकं उचलते. गाल ओला, मान आखडलेली. सॅम्पलचा नळ बंद आहे, भांडं रॅकवर उपडं आणि कोरडं. घड्याळात चारला दहा कमी. दुपारभर मी या खुर्चीतून हललेली नाही, टाकीवर गेलेली नाही.

कागद कपाळाला चिकटून वर येतो आणि सुटून टेबलावर पडतो. सहीच्या जागी, साहेबांच्या पेन्सिलीच्या फुलीवर, एक हिरवा डाग आहे. बोटाच्या पेराएवढा, अजून ओला.

मी कपाळाला हात लावते. बोटाला हिरवं लागतं. ते बोट मी नाकाशी नेते, सावकाश, आणि घेते. पहिल्यांदा नुसताच क्लोरीन, हातांचा, टेबलाचा, या सगळ्या इमारतीचा. मी थांबते, परत घेते. त्याच्याखालून येतो तो. आटलेल्या तळ्याच्या काठचा चिखल.

बाहेर शिपायाची सायकल लागल्याचा आवाज होतो. "बाई, झालं का? साहेब वाट बघतायत."

"बघू दे! थांब तिथंच!"

टाईप केलेल्या मजकुरावर मी आडवी रेघ मारते, इतकी दाबून की कागद फाटता फाटता राहतो. उलट्या बाजूला लिहायला घेते. पंप नसल्याचं लिहिते, महिन्यांसकट. फोनचं लिहिते, तारखेसकट, वेळेसकट, साहेबांच्या पूर्ण नावासकट. भोईटे यांनी कॉक फिरवला, तेही लिहिते. भोईटे यांना वास येत नव्हता, आणि हे मला दोन वर्षांपासून कळायला पाहिजे होतं, तेही लिहिते. अक्षर माझंच आहे. 'ग्य'ला शेपूट येतंय.

शिपाई दारात येऊन उभा राहतो. माझ्या कपाळाकडं बघतो.

शेवटची ओळ मी त्याच्यासमोर लिहिते. अकरा, बारा व तेरा मार्च, सकाळी सात. गंध होता. मी घेतला नाही.

सही करते.